दाखवलं म्हणजे दिलं नाही

"काम चोरीला जातंय म्हणजे काम चांगलं आहे. खूश व्हा!" लग्नसराईच्या तोंडावर नंदुरबारला जमलेल्या आम्हा पंधरा-वीस शूटिंगवाल्यांसमोर आप्पा असं म्हणाले आणि टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत मीही होतो. आप्पा धंद्यातले ज्येष्ठ. समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्यांच्या हाताखाली कॅमेरा धरायला शिकलेले, मीसुद्धा त्यांतलाच. अशा माणसापुढे हात आपोआप वाजतात. मोटारसायकलवरून धानोऱ्याला परतताना मात्र त्या टाळीची लाज वाटायला लागली. ती परत घेण्यासाठी हे लिहितो आहे.

त्यांचं म्हणणं आधी नीट सांगतो, नाहीतर म्हणाल की सोयीचं तेवढंच उचललं. विषय होता नमुन्याचा. ऑर्डर मिळण्याआधी पार्टी "काहीतरी दाखवा" म्हणते, तेव्हा आपलं काम कसं पाठवायचं? एका तरुण पोरानं विचारलं, पासवर्ड टाकून लिंक पाठवावी का, वॉटरमार्क घालावा का? आप्पांनी त्याला उडवून लावलं. एक, नमुना जितका फिरेल तितकं नाव होतं. दोन, कुलूप पाहिलं की पार्टी चिडते आणि दुसऱ्याकडे जाते. तीन, कितीही कुलपं लावा, समोरचा दुसऱ्या मोबाइलनं पडदा शूट करणारच. चार, आणि चोरलंच तर काय करशील? धानोऱ्यातून उठून मुंबईच्या हायकोर्टात जाशील का? हशा पिकला. पोरगं खाली बसलं.

तिसरा मुद्दा खरा आहे, हे आधीच कबूल करतो. जे डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्यालाही दिसतं, त्यावर जगात कुणाकडेच उपाय नाही. बाकीचे तीन मुद्दे चुकीचे आहेत, आणि तिसऱ्यातून आप्पांनी काढलेला निष्कर्षही.

माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय हे सगळं पुस्तकी वाटेल. नंदुरबारची मिरची बाहेरच्यांना बाजारभावापुरती माहीत असते. आम्हाला ती पथारीवर माहीत असते. हिवाळ्यात ओली लाल मिरची मोकळ्या मैदानावर वाळायला पसरतात, ती जागा म्हणजे पथारी. ड्रोन वर नेला की खाली नजर पोचेल तिथवर लाल, आणि त्यात मिरची पालटणाऱ्या बायका ठिपक्यांएवढ्या. दोन वर्षांपूर्वी मी तिथं सलग तीन पहाटा काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. सूर्य जमिनीला लागून असताना प्रत्येक मिरचीची सावली पडते आणि ती पंधराएक मिनिटंच टिकते, तेवढ्यासाठी. त्यातून चाळीस सेकंदांचा तुकडा निघाला. एका मोठ्या शहरातल्या जाहिरात एजन्सीनं मसाल्याच्या जाहिरातीसाठी चौकशी केली, "आधी काही पाहायला पाठवा." मी पाठवला. चांगल्या दर्जाचा, स्वच्छ, खालच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचं बारीक नाव. उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात माझ्या मेव्हण्यानं मला एक रील पाठवलं, "दाजी, ही आपल्याकडची पथारी वाटते." पथारी आपल्याकडचीच होती, सावल्यासुद्धा माझ्याच होत्या. कोपऱ्यातलं नाव तेवढं नव्हतं.

नाव कुणी खोडलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. आडवं चित्र १९२० गुणिले १०८० पिक्सेलचं असतं. त्यातून रीलसाठी उभा तुकडा कापला की रुंदी उरते जेमतेम ६०७ पिक्सेल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. चारही कोपरे आपोआप गळतात. कोपऱ्यात नाव टाकणारे आम्ही सगळे शहाणे लोक गेली कित्येक वर्षं चोराला कष्ट पडू नयेत अशा जागी सही करत आलो आहोत.

आता आप्पांच्या पहिल्या मुद्द्याकडे. चोरीनं नाव होतं. कुणाचं? त्या रीलखाली नाव मसाल्याचं होतं, फोन नंबर दुकानाचा होता, आणि वाहवा झाली असेल तर एजन्सीची. हजारो लोकांनी ती पथारी पाहिली असेल, पण त्यांतल्या एकालाही धानोऱ्यात फोन करायचा रस्ता नव्हता. जाहिरात तीच, जिच्यावर पत्ता असतो. बिनपत्त्याची प्रसिद्धी म्हणजे दुसऱ्याच्या वरातीत नाचणं. घाम आपला, घोडा त्याचा.

यावर बैठकीतल्या एकानं मालेगावचा दाखला दिला होता. त्याच्या मते मालेगावचा सिनेमा उभा राहिला तोच नकलेवर, 'मालेगाव के शोले' म्हणजे दुसरं काय? नासिर शेख यांनी तो २००० साली केला. पुढे या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा थिएटरांत लागला. पण दाखला देणाऱ्यानं एवढं तरी पाहायचं होतं की त्या माणसांनी गोष्ट उचलली, फिल्म उचलली नाही. स्वतःचे नट उभे केले, गावातल्या गल्ल्यांत स्वतः शूट केलं, आणि पडद्यावर ठणकावून सांगितलं की ही मालेगावची आवृत्ती आहे. कुणाच्या शूटिंगवरचं नाव कापून आपलं चिकटवलं नाही. विडंबन आणि चोरी यांतला फरक मालेगावच्या विणकराला कळत होता, नंदुरबारच्या व्हिडिओग्राफरला कळू नये?

दुसरा मुद्दा, कुलूप पाहून पार्टी चिडते. यात आप्पांचं चाळीस वर्षांचं शहाणपण आहे म्हणून यावर जरा थांबतो.

आमची निम्मी गिऱ्हाइकी सुरतेत. खानदेशातली घरंच्या घरं कामधंद्यासाठी तिकडे गेली. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. लग्न मात्र बऱ्याचदा गावी करायचं असतं. म्हणजे ठरवणारे तिकडे, शूटिंग इकडे, आणि मधे फक्त व्हॉट्सॲप. मुलीचा बाप दिवसभर कारखान्यात, रात्री साडेनऊला मोबाइल उघडतो, त्यात चार शूटिंगवाल्यांचे नमुने. त्याला ईमेल टाका, पासवर्ड घाला, ॲप उतरवा असं सांगितलं तर तो काय करेल? तिघांचे पाहील आणि चौथ्याला विसरेल. आप्पा इथवर बरोबर आहेत.

पण हेच आप्पा आम्हाला कसं शिकवायचे ते मला आठवतं. कॅसेटच्या काळात नमुना दाखवायचा म्हणजे पिशवीत कॅसेट घालून पार्टीच्या घरी जायचं. त्यांच्या व्हीसीआरमध्ये लावायची, ओसरीत सगळ्यांबरोबर बसायचं, नवरीची आत्या कुठल्या शॉटला "अगंबाई" म्हणते ते टिपून ठेवायचं, चहा प्यायचा आणि निघताना कॅसेट काढून परत पिशवीत. "राहू द्या ना दोन दिवस" असं कुणी म्हटलं तर आप्पा हसून म्हणायचे, "एकच कॉपी आहे हो." एकच कधीच नसायची. पार्टी चिडायची नाही, कारण आप्पा सोबत बसलेले असायचे. तेव्हा ते दाखवायचे, देत नव्हते. आमच्या घरची अहिराणी हे तीन शब्दांत विचारते: दखाडं म्हंजे दिधं?

धंदा मोबाइलवर गेला तेव्हा दाखवणं आणि देणं यांच्यातली फट बुजली. व्हॉट्सॲपवर फाइल गेली की ती त्याच्या मोबाइलमध्ये उतरते, त्याच्या गॅलरीत जाऊन बसते आणि तिथून सात घरांत. पूर्वी पिशवी परत यायची, आता काहीच परत येत नाही. म्हणजे सुरक्षिततेचं हे खूळ नव्या पोरांनी शहरातून आणलेलं नाही. आप्पांचीच जुनी पिशवी हरवली आहे आणि ते पोर ती शोधत होतं.

पिशवीची परंपरा तर आणखी जुनी आहे, थेट दादासाहेब फाळक्यांपर्यंत जाते. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा 'राजा हरिश्चंद्र' फक्त त्यांच्या डोक्यात होता आणि खिशात पैसे नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना दाखवणारी मिनिटभराची फिल्म केली. 'अंकुराची वाढ'. ती दाखवली निवडक लोकांना, आणि त्यांतून भांडवल देणारे पुढे आले. भारतातला हा बहुधा पहिला 'नमुना व्हिडिओ'. त्याकडे धंद्याच्या नजरेनं पाहा. लांबी एक मिनिट, विषय मुख्य सिनेमाचा नाहीच, पाहणारे वेचलेले, पडद्याशेजारी स्वतः फाळके. हरिश्चंद्राची कथा, दृश्यं, पोशाख यांतलं काहीही त्यांनी त्या मिनिटात उघडं केलं नाही. हाताला कसब आहे एवढंच सिद्ध केलं. पुढच्या वर्षी ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांनी पाहिला तो वेगळाच चमत्कार होता. चांगला नमुना भूक लावतो, जेवण वाढत नाही. आम्ही ऑर्डरच्या आशेनं चार मिनिटांचं अख्खं हायलाइट पाठवतो आणि पार्टीचं पोट तिथंच भरतं.

मग मोबाइलच्या काळात पिशवी कशी शिवायची? फार अवघड नाही, आणि सुरतेतल्या बापाला पासवर्डही लागत नाही. फाइल पाठवायची नाही, लिंक पाठवायची. लिंकमागची फाइल आपल्या ताब्यात राहते, आठ दिवसांनी आपण ती काढून घेऊ शकतो. गुगल ड्राइव्हवर ठेवली तर पाहणाऱ्याला डाउनलोड करता येऊ नये अशी सोय आहे, फुकटच्या खात्यातसुद्धा. बहुतेकांनी ती खूण कधी उघडून पाहिलेली नसते. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून आपण सुरक्षित आहोत असं समजणारे तर आमच्यात ढिगानं आहेत. अनलिस्टेड म्हणजे दार सताड उघडं, फक्त दारावर पाटी नाही. ज्याला पत्ता मिळाला तो आत. 'प्रायव्हेट' वेगळं, तिथं माणसागणिक परवानगी द्यावी लागते. मोठ्या कंपनीचं काम असेल तर ते किंवा विमिओसारख्या ठिकाणचा पासवर्ड वापरावा. तिथं समोर बसलेला माणूस ऑफिसातला असतो, तो चिडत नाही. उलट बिनकुलपाचं काम आलं की त्याला आपण कच्चे वाटतो.

दर्जाही कमी ठेवायचा. ४८० ओळींच्या व्हिडिओत रंग, काटछाट, लय सगळं कळतं. जाहिरातीत वापरायला मात्र तो कुचकामी. शिवाय धडगावच्या डोंगरात रेंजच्या एका काडीवरसुद्धा तो चालतो. हा फायदा आप्पांच्या कानावर घालायला हवा, कारण भारी दर्जाची फाइल गोल गोल फिरत राहिली की पार्टी जितकी चिडते तितकी कुठल्याच कुलपाला चिडत नाही.

वॉटरमार्कबद्दल मी आता हट्टी झालो आहे. कोपऱ्यात नाही, मधोमध. आणि माझं नाव नाही, पाहणाऱ्याचं. "श्री. अमुक यांच्यासाठी", खाली तारीख. फिकट, पण चेहऱ्याच्या उंचीवर, उभं कापलं तरी राहील असं. माझं नाव पाहून चोराला काही वाटत नाही. स्वतःचं नाव पाहून वाटतं. पार्टी चिडते का? माझा अनुभव उलटा आहे. सुरतेतल्या एका काकांनी स्वतःचं नाव पडद्यावर पाहून तो नमुना घरात सगळ्यांना बोलावून दाखवला. "आपल्या नावाचं बनवून पाठवलंय!" त्यांना ते कुलूप वाटलंच नाही, मानपान वाटला. मी गप्प राहिलो.

आता तिसरा, खरा मुद्दा. पडदा शूट करणाऱ्याला कोण अडवणार? कुणीच नाही. पण घराला कडी घालतो ती दरोडेखोर थांबावा म्हणून नसते. येणाऱ्याजाणाऱ्याला मोह होऊ नये आणि घुसलाच तर तो चुकून आत आला असं म्हणता येऊ नये, म्हणून असते. २०१६ च्या जूनमध्ये 'उडता पंजाब' हा हिंदी सिनेमा प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर फुटला. फुटलेल्या प्रतीवर 'फॉर सेन्सॉर' असा शिक्का होता. शिक्क्यानं चोरी थांबली नाही, हे आप्पांच्या बाजूचं. पण त्या शिक्क्यामुळे प्रत कुठल्या वाटेनं गेली असावी हा प्रश्न पहिल्याच दिवशी सगळ्या देशानं विचारला, हे माझ्या बाजूचं. आणि शिक्का एका कामापुरता सरसकट होता, एकेका माणसाच्या नावाचा नव्हता, हा त्यातला धडा. माझ्या पथारीवर त्या एजन्सीचं नाव मधोमध असतं तर त्यांना माझं शूटिंग पडद्यावरून चोरून घ्यावं लागलं असतं, वर स्वतःचं नाव पुसावं लागलं असतं. एवढे कष्ट करणारा चोर विरळा. बहुतेक चोऱ्या आळशी लोक करतात.

राहिलं कोर्ट. बैठकीत सर्वांत मोठा हशा यावर झाला, म्हणून याला सर्वांत जास्त जागा देतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम ६२ सांगतं की ज्याचं काम चोरीला गेलं तो जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. धानोऱ्याच्या माणसाचं जिल्हा न्यायालय नंदुरबारला आहे. चोर मुंबईचा असो की दिल्लीचा, तारखेला त्यानं इकडे यायचं. मुंबईच्या हायकोर्टाचा विनोद छान होता. कायदा करणाऱ्यांनी तो आधीच ओळखून ठेवला होता एवढंच. नोंदणी नव्हती म्हणून हक्क नाही, हीसुद्धा भाकडकथा. नोंदणी करता येते, पण हक्क तिच्यावर अवलंबून नसतो. काम झालं की तो जन्मतो. आणि कामावरची मालकाची माहिती, नावगाव, हेतुपुरस्सर काढून टाकणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे, कलम ६५ख, दोन वर्षांपर्यंत कैद. पाहणाऱ्याच्या नावासोबत मालकाचं नावही मधोमध टाकलं तर त्याचा हा आणखी एक उपयोग. कोपऱ्यातलं नाव "कापताना गेलं" म्हणता येतं. मधलं पुसावंच लागतं.

पुरावा काय? इथं शूटिंगवाल्यासारखा भाग्यवान कलाकार नाही. ज्याच्याकडे त्या शॉटच्या आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे दहा सेकंद आहेत, तो मालक. माझ्या हार्डडिस्कवर त्या तीन पहाटांचं सगळं कच्चं शूटिंग पडून आहे, ड्रोन उडताना माझ्या चपला दिसतात तिथपासून. एजन्सीकडे फक्त चाळीस सेकंद. पण आमच्यातले किती जण कच्चं शूटिंग ठेवतात? पेनड्राइव्ह पार्टीला दिला की कार्ड पुसायचं आणि उद्याच्या हळदीला निघायचं. चोरी होण्याच्या कितीतरी आधी पुरावा आपणच नष्ट केलेला असतो.

आणि नुसत्या कल्पनेचं काय? पार्टीला आपण "असं असं करू" म्हणून सांगितलं आणि तिनं ते दुसऱ्याकडून करून घेतलं तर? इथं कायदा कडक आहे, पण बंद नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं. तरीही २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात विश्वासभंगाचा मुद्दा मान्य केला. सनडायलनं 'कृष कन्हैया' या मालिकेची संकल्पना लिहून लेखकांच्या संघटनेत नोंदवून वाहिनीकडे विश्वासानं नेली होती. पुढे तशीच मालिका येते आहे म्हटल्यावर न्यायालयानं मनाई कायम ठेवली. संभाव्य गिऱ्हाइकाला काम दाखवायला गेलेल्या माणसाची ही सरळ गोष्ट आहे, आपली गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजूही मुंबईतच घडली. 'झोंबिवली' या मराठी सिनेमावरून २०२१ मध्ये एका लेखकानं असाच दावा केला, तेव्हा त्याच उच्च न्यायालयानं सिनेमा अडवायला नकार दिला. गुप्त म्हणून नेमकं काय दिलं होतं ते दाव्यात काटेकोरपणे मांडलेलं नव्हतं. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की धडा सोपा होतो. काय दाखवलं, कुणाला, कोणत्या तारखेला आणि कशासाठी, हे लिहिलेलं असावं. पाच पानांचा करार लागत नाही. चाळीस हजारांच्या ऑर्डरसाठी करार मागितला तर पार्टी खरोखरच पळेल. लिंकच्या वर दोन ओळी पुरतात: "हा नमुना फक्त तुम्ही पाहण्यासाठी आहे. वापरायचा असल्यास आधी बोलू." समोरून "ओके" आलं की झालं.

मग मी त्या एजन्सीवर दावा लावला का? नाही. रील जिथं होतं तिथल्या कॉपीराइटच्या फॉर्मवर तक्रार केली, कच्च्या शूटिंगचा तुकडा जोडला, चार दिवसांत ते उतरलं. पैसे मिळाले नाहीत. दावा न लावण्याचं कारण कोर्ट लांब आहे हे नव्हतं. मी पाठवताना काहीच लिहिलं नव्हतं आणि मला स्वतःचीच शरम वाटत होती. आप्पा याला व्यवहार म्हणतील.

इथवर मी जिंकत आलो असं वाचकाला वाटत असेल तर आता माझीच बाजू उलटी करतो. आप्पांनी जो मुद्दा मांडला नाही तोच सर्वांत वजनदार होता.

त्या बैठकीनंतर महिन्याभरात मला एका मुलीचा फोन आला. तिचं लग्न मी शूट केलं होतं, शहादा तालुक्यात. ती म्हणाली, "दादा, आमच्या हॉस्टेलवरच्या एका मैत्रिणीच्या घरी माझी हळद पाहिली. त्यांना तुम्ही पाठवली होती का?" पाठवली होती. नमुना म्हणून, डझनभर घरांना. हळदीतलं तिचं हसू हा माझ्या कामातला सर्वांत चांगला शॉट आहे, मामी तिच्या नाकाला हळद लावते तो क्षण. तो माझ्या कॅमेऱ्यातून आला म्हणून मला माझा वाटत होता. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही."

कायदासुद्धा तिच्याच बाजूनं आहे. त्याच १९५७ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कुणी फिल्म करवून घेतली, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास तिचा पहिला मालक तो करवून घेणारा. म्हणजे पैसे घेऊन केलेलं लग्न पार्टीचं, आणि कुणी न सांगता, पदरचं पेट्रोल जाळून काढलेली पथारी माझी. आम्ही उलटं समजत होतो. ऑर्डरीचं काम आपलं म्हणून गावभर वाटत होतो, आणि खरोखर जे आपलं होतं ते "नमुनाच तर आहे" म्हणून फुंकून टाकत होतो. एजन्सीनं माझ्याशी जे केलं तेच मी त्या मुलीशी केलं होतं. फरक इतकाच की मी तिच्या हसण्याखाली स्वतःचं नाव टाकलं होतं, कोपऱ्यात.

म्हणून कुलपाचा वाद फक्त आमच्या मेहनतीचा नाही. लिंकला मुदत घालावी, डाउनलोड बंद ठेवावं, पाहणाऱ्याचं नाव टाकावं, ते त्या नमुन्यातल्या माणसांसाठीही. आता ऑर्डरच्या कागदावर मी एक ओळ छापली आहे: यातला काही भाग नमुना म्हणून दाखवू का? हो किंवा नाही. आणि उत्तर यजमानाकडून घेत नाही, नवरीकडून घेतो. वडील बहुतेक वेळा "दाखवा हो, त्यात काय" म्हणतात. मुली बहुतेक वेळा क्षणभर थांबतात. दहांतल्या चार-पाच जणी नाही म्हणतात, काही जणी म्हणतात मंडप दाखवा, मेंदी दाखवा, मला नको. माझा नमुना त्यामुळे आखडला आहे हे खरं. त्यात चेहरे कमी आणि हात जास्त झाले आहेत. एका पार्टीनं विचारलंही, "तुम्ही माणसं शूट करत नाही का?" तिला जे उत्तर दिलं ते ऐकून ती ऑर्डर देऊनच उठली, आणि दुसऱ्या एकीनं तेच उत्तर ऐकून दिली नाही. हिशेब अजून बरोबरीत आहे.

बैठकीतल्या त्या पोरानं परवा मला फोन करून विचारलं, वॉटरमार्क किती टक्के फिका ठेवायचा. तीसच्या आसपास ठेव म्हणालो, आणि पांढऱ्या शालूवर दिसतो का ते पाहून घे.

आप्पांचाही आला. त्यांच्या पुतण्याला मिरचीच्या व्यापाऱ्याचं काम मिळायची शक्यता आहे, "तुझा तो पथारीचा तुकडा पाठव ना, त्याला दाखवायला." मी म्हणालो, "पाठवतो आप्पा." लिंक पाठवली. चाळीस सेकंदांतले बारा, ४८० ओळींत, डाउनलोड बंद, आणि मधोमध फिकट अक्षरांत आप्पांचं पूर्ण नाव. अर्ध्या तासानं त्यांचा मेसेज आला, "मना नाव कसाले टाकं भो?" काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून नुसतं लिहिलं की लिंक मंगळवारपर्यंत चालू आहे.